पहिली आलेली मुळी

ताईचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं होतं. औषधी झाडांत सापडणारी चारशे रसायनं घ्यायची, आणि शरीरात हार्मोन ज्या खाचेत बसतं तिथे त्यातलं कुठलं नीट बसतं ते संगणकावर तपासायचं. संगणक बसवून बघायचा, ताई बसून बघायची. अकरा वर्षं झाली तरी त्यातलं एकही झाड तिला ओळखता येत नव्हतं. तशी गरजही पडली नव्हती.

धाकट्या बहिणीची पाळी दोन-दोन महिने लांबायची. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नव्हतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी मळमळायचं. जोडीला सासूबाईंनी आणलेली कुठल्याशा मुळीची पूड होतीच. त्याच मुळीतलं रसायन यादीत पहिलं आलं, तेव्हा ताईने कौतुकाने धाकटीला फोन केला.

"मग गोळ्या बंद करू का गं?" कित्येक दिवसांनी धाकटीचा आवाज हलका वाटला. ताई मूग गिळून बसली.

चार महिन्यांनी ताईच्या विभागातल्या सरांनी पडताळणी मागितली: ज्या औषधाची जागा आधीच माहीत आहे, ते बसवून दाखवा. ही पडताळणी खरं तर सुरुवातीला करायची असते. मागच्या कामात केली होती म्हणून ताईने यंदा टाळली होती. औषध भलतीकडेच जाऊन बसलं. ताईने शेजारचीच खाच आखली होती. योग्य जागी सगळं पुन्हा चालवलं, तर मुळी दोनशे बारावी.

"होतं असं," सर म्हणाले. "पुन्हा चालवण्यात आठ दिवस गेले, एवढंच."

संध्याकाळी ती धाकटीकडे गेली आणि दारातच सांगून टाकलं. आत बसली असती तर चहा पिऊन तशीच परतली असती.

"आणि खरोखर पहिली आली असती, तरी ते संगणकातलं. पोटातलं त्यातून कळत नाही."

"हे तेव्हा नाही बोललीस."

"तू खूश होतीस."

"मी विचारलं होतं, ताई."

"मी हो म्हणाले नव्हते."

"नाहीही म्हणाली नाहीस. म्हणून तर बंद केल्या." धाकटीने फोन पुढे केला. "डॉक्टरांकडे तूच लाव. बोलणी खायचं त्राण नाही माझ्यात."

दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "गोळ्या का बंद केल्या?"

"माझ्यामुळे. मी बहीण."

"तसा रकाना नाही हो. 'पेशंटची इच्छा' लिहिते."

"नको. बहिणीने चुकीचं सांगितलं, असं लिहा."

पलीकडे बराच वेळ टायपिंग चाललं. "गुरुवारी दहाला. तुम्हीही या."

"मलाही बोलावलंय," ताई म्हणाली.

"बरं झालं," धाकटी म्हणाली. "बोलणी वाटून खाऊ."