कवळीचा पहिला घास

नारपोलीच्या नाक्यावर बसणाऱ्या आमच्या भाजीवाल्या मावशीइतका वाईट धंदा अख्ख्या भिवंडीत दुसरं कुणी करत नसेल. गिऱ्हाईक आलं की ही आधी त्याची उलटतपासणी घेते. भाजी कुणासाठी, घरात लहान पोर आहे का, आणि मुख्य म्हणजे शिजवायची अक्कल आहे का! शेवळं ही रानभाजी काकडाच्या आंबट फळांशिवाय शिजवली तर घसा खाजतो, म्हणून काकडं न घेणाऱ्याला ती शेवळं देतच नाही. समोरच्या लूमवाल्या चाचांनी एकदा विनवून पाहिलं, "अरे मावशी, खाज तो मेरे गले को आएगी ना!" तरी नाहीच. बोलता बोलता ती समोरच्याच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्याने ओढून रक्त किती आहे तेही बघते. "फिक्का हाय डोला. चहा कमी पी, पाला खा." हे भर नाक्यावर, रिक्षावाल्यांच्या देखत! मी चिडते आणि मुकाट्याने जुडी उचलते.

पण कवळीचा विषय निघाला की हीच बाई अगदी सोवळी. डोंगरावरच्या त्यांच्या पाड्यात पावसाळ्यातली ही कोवळी पालेभाजी देवाला दाखवल्याशिवाय कुणी खात नाही की विकत नाही. पाऊस नीट बसला की भगत पूजेचा दिवस ठरवतो. यंदा मेल्या पावसाला काय झालं होतं कोण जाणे, मे महिन्यातच धो धो कोसळला आणि गडप झाला. भाताची रोपं करपली, अवेळी उगवलेली कवळीही सुकायला लागली. भगत आपला म्हणतोय, थांबा. इकडे मावशीची पोटुशी सून नुसत्या मीठभातावर. रक्त कमी म्हणून दवाखान्यात बोलणी खाल्लेली, गोळ्या पोटात ठरत नव्हत्या, रानात दुसरा पाला उरला नव्हता आणि बाजारातली भाजी इतकी महाग की हात लावायची सोय नव्हती.

शेवटी मावशी एकटीच देवाकडे गेली. मला सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता. "म्हनलं, देवा, रीत पावसानं मोडली, मी न्हाय. तू आता लवकर जेव. माजी पोर उपाशी हाय."

जुडी ठेवली, थोडा वेळ बसली आणि घरी येऊन सुनेला पहिला घास भरवला. पाड्यातलं कुणी तिच्याशी बोलेना. मग हळूहळू पोटुश्या सुनांच्या सासवा मागच्या दाराने येऊ लागल्या, देव काय म्हणाला ते विचारायला.

पाऊस बसला तोवर कवळी संपली होती. पूजेसाठी मावशीनेच भिवंडीच्या बाजारातून मेथी नेली. "देवानं पयल्यांदाच मेथी बगितली असंल!" म्हणत खदाखदा हसली. नात झाली, मायलेकी ठणठणीत आहेत.

"आणि तू गं? तू खाल्लीस की नाही कवळी?" मी विचारलं.

ती पाल्यावर पाणी शिंपडत राहिली. "मी न्हाय खाल्ली. कोनीतरी देवासाठी थांबायला नको का?"

मी जुडी पिशवीत टाकत म्हटलं, "पुढच्या साली खा हो, मावशी."

"उगवली तं खाईन," ती म्हणाली.