उघडायचा राहिलेला डोळा

माझा मामा तळहाताएवढ्या कागदावर अख्खा राजवाडा बसवतो, पण स्वतःचा चष्मा त्याला घरात कधी सापडत नाही. चाळीस वर्षं तो लघुचित्रं काढतो आहे. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, टोकाला एकच केस. त्या केसाने तो झाडाचं पान न् पान काढतो, आणि रेघ ओढताना श्वास रोखून धरतो. त्याच्याबरोबर आम्हीही रोखायचो. लहानपणी सुट्टीत त्याच्याकडे राहून आलेली आम्ही सगळी भावंडं पोहण्यात पटाईत निघालो, ते बहुधा त्यामुळेच.

त्याचा एक नियम आहे. चित्रातल्या माणसाचा डोळा सगळ्यात शेवटी. कपडे, दागिने, गवत, सगळं झालं की मग डोळा. याला तो 'डोळा उघडणं' म्हणतो. एकदा उघडला की चित्र संपलं, पुन्हा कुंचला टेकवायचा नाही. चेहरे सगळे एका बाजूने, म्हणजे माणशी डोळा एकच. मला ही मोठी बचत वाटायची.

या वर्षी तोच एक डोळा अडला. चित्र वाचनालयासाठी होतं. गच्चीत उभी एक बाई, हातावर मैना. पाच महिन्यांचं काम, फक्त डोळा बाकी, आणि सोमवारी वाचनालयाच्या बाई न्यायला येणार. शुक्रवारी मी गेलो तर मामीने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि विजेचं बिल पुढे केलं.

"हे बघ."

बिलाच्या पाठीमागे डोळे होते. पन्नासेक तरी. सगळे मासोळीसारखे लांब, आणि सगळ्यांची वरची रेघ मध्येच हललेली.

"कॅलेंडरावर आहेत, औषधाच्या खोक्यावर आहेत," मामी म्हणाली. "काल पिठाच्या डब्याखालच्या कागदावर सापडले. कपडे बदलायची चोरी झालीय मला घरात."

"हात थरथरतो का त्याचा?"

"विचारलंस तर म्हणेल, उजेड बरोबर नाही. अकरा दिवस उजेड बरोबर नाही. सूर्य तोच आहे रे."

तेवढ्यात मामा दारात आला. "काय कुजबुज चाललीय?"

"विजेचं बिल बघतोय," मी म्हणालो.

"तेही आमच्याकडे बघतंय," मामी म्हणाली.

मामाने बिल पाहिलं. तो खिडकीपाशी जाऊन बसला, चित्र पुढे ओढलं, शिंपल्यातला काळा रंग केसाला लावला. श्वास रोखला. मी रोखला, मामीनेही रोखला. केस कागदाला टेकला, निम्मी पापणी झाली आणि हात उडाला. रेघ थेट कानापर्यंत गेली.

बराच वेळ कुणी श्वास सोडला नाही.

"झालं," मामा म्हणाला. "आपलं काम संपलं."

"पुढच्या वेळी डोळा आधी काढा," मामी म्हणाली. "बिघडला तर पंधरा मिनिटं जातील. आज पाच महिने गेले."

"आणि मग पाच महिने ती बघत बसेल, त्याचं काय? तिच्या देखत तिचे कपडे रंगवू?"

"मी नाही बघत बसले चाळीस वर्षं?"

"म्हणून तर म्हणतो, एक पुरे आहे."

"पण बाकीच्या कामातही हात हलेलच ना?" मी विचारलं.

मामाने थोडा विचार केला. "ओढणी हलली तर वारा आला म्हणता येतं. डोळ्याला वारा लागत नाही."

सोमवारी मामीनेच वाचनालयाच्या बाईंना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्ही थांबू. मग मामीने नवे कागद गुळगुळीत दगडाने घोटून दिले. सहा कागदांवर सहा डोळे बिघडले. तेवढ्यात मामीची नखं खाऊन संपली. सातव्या कागदावर डोळा उघडला, नितळ, पाणीदार, आणि भोवती कोरा कागद.

दुसऱ्या दिवशी मामा कामाला बसला आणि तासाभराने उठला. ती बघत होती. शेवटी त्याने डोळ्यावर कागदाची चिंधी ठेवली, वर घोटायचा दगड. आता दुपारपर्यंत काम चालतं. सगळं झाल्यावर ती चिंधी उचलायची, म्हणजे डोळा शेवटीच उघडेल आणि नियमही राहील. उचलायची मात्र मामीने.

तीन महिने झाले. दर आठवड्याला मी धास्तीने फोन करतो आणि विचारतो, "वारा कसा आहे?"

"वाढतोय," तो म्हणतो. "पण मैना अजून हातावर आहे."