जानरावांच्या हाताचा ब्रेक

हथखोजच्या एका लोखंड ओतणाऱ्या ढलाई कारखान्यात जानराव क्रेन चालवायचे. जमिनीपासून तीस फूट वर पत्र्याची कॅबिन, उजव्या हातात हॅन्डल. खाली माल हुकला अडकवणारा धोंडबा खलाशी हाताने इशारे करायचा आणि वर जानरावांचा हात हलायचा. तळवा जमिनीकडे करून बोटं हलवली की, हळू सोड. भट्टीच्या घरघरीत बोललेलं ऐकू यायचंच नाही, त्यामुळे चौदा वर्षं दोघांचं सारं बोलणं हातानेच. रेतीच्या साच्याची वरची पेटी खालच्या पेटीवर ठेवणं सगळ्यात जोखमीचं. जरा आदळली की आतली रेती ढासळली, साचा बनवणाऱ्याचा अख्खा दिवस पाण्यात. जानरावांनी ठेवलेल्या पेटीतून कण सांडत नाही, असं लोक म्हणायचे.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात तेजरामने त्यांना कारखान्यांच्या बॅडमिंटन स्पर्धेसाठी जोडीत घेतलं. तेजराम साचे बनवायचा, वयाने तरणा, खेळात कारखान्यात पहिला. जानराव अकरा वर्षं कोर्टाच्या काठावर बसून नंबर लागायची वाट पाहत होते.

"अलगद ड्रॉप तुमच्यासारखा कोनाचा नाही भाऊ," तेजराम म्हणाला, "पन फायनलले उडी मारून स्मॅश पाहिजे. इतवारपर्यंत शिकले तर तुमी, नाही तर स्टोअरचा हिरालाल."

"मी त्रेचाळीसचा आहो गड्या."

"वय कोन विचारून राहिलं?"

मोहन नगरच्या घरामागे जांबाच्या झाडाला जानरावांनी सुतळीने बॅडमिंटनचं फूल टांगलं. डावा हात फुलाकडे, खांदा वळवायचा, दोन्ही पायांवर उडी, आणि अगदी वर असताना मनगट झटकायचं. सगळं जमायचं. फक्त फुलाशी पोचता पोचता मूठ आपोआप ढिली व्हायची.

"कावून मारून राहिले त्या गरीब फुलाले?" त्यांची बायको कलावतीबाई दारातून म्हणाल्या. "त्यापरीस चार जांबं पाडा. चटणी तरी होईन."

तेजरामने एक संध्याकाळ नुसतं उभं राहून पाहिलं. "तुमचा हात शेवटाले ब्रेक मारते भाऊ."

ते जानरावांनाही कळत होतं. पण हाताला समजवायचं कसं?

गुरुवारी मात्र जमलं. उडी, झटका, आणि फूल सुतळी तोडून कुंपणाच्या भिंतीवर फटकन आदळलं. जानराव बराच वेळ आपल्या मनगटाकडे पाहत राहिले.

शुक्रवारी तेजरामच्याच साच्याची पेटी हुकला लटकत होती. वीतभर अंतर राहिलं. धोंडबाची बोटं हलली, हळू. आणि जानरावांचं मनगट झटकलं. पेटी धपकन बसली, फटीतून रेती भसाभसा वाहिली. कोणाला लागलं नाही. धोंडबाने खालून तळवा उताणा केला, काय झालं?

तेजराम ओंजळभर रेती घेऊन उभा होता. सुट्टी झाल्यावर म्हणाला, "होते भाऊ. इतवारी असंच मारा म्हंजे झालं."

जानरावांना हसता आलं नाही. दोन रात्री ते उजवा हात छातीवर ठेवून निजले, जसं काही तो उठून कुठं जाईल.

रविवारी शेजारच्या कारखान्याची जोडी समोर. तिसरा गेम, त्यांचे चौदा, आपले तेरा, सर्व्हिस त्यांची. एक चूक झाली की संपलं. धोंडबा कोर्टाच्या काठावर रिकाम्या पेटीवर बसलेला. लांबलचक फेरी चालली आणि समोरच्याचं फूल उंच, आखूड, सरळ जानरावांच्या डोक्यावर आलं.

"मारा," मागून तेजराम.

जानराव उडाले. खांदा बरोबर, डावा हात बरोबर. आणि डोळ्याच्या कोपऱ्यात धोंडबा दिसला. जीव टांगून उभा राहिलेला, हात पुढे, तळवा जमिनीकडे, बोटं हलताहेत.

मूठ ढिली झाली. फूल जाळीच्या पट्टीवर क्षणभर टेकलं आणि अल्याड उतरलं, अगदी अलगद.

"म्या कुठं हात केला?" धोंडबा नंतर कळवळून विचारत होता. "मले तर आठवतच नाही भाऊ. आईची आन."

"तू केला, म्या आयकला," जानराव म्हणाले. "दुसरं आपल्याले येते का?"

तेजराम रॅकेटला खोळ घालत होता. "पुढच्या साली हिरालालले घेतो. राग नका मानू."

"राग कायचा."

सोमवारी तेजरामचा नवा साचा तयार होता. पेटी लटकली आणि धोंडबाचे हात काही उठेनात. पाठीमागे धरून तो नुसता वर पाहत राहिला. जानरावही थांबले. पेटी अधांतरी झुलत होती. मग धोंडबाने हळूच तळवा पालथा केला.

पेटी बसली. तेजरामने सांध्यावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं, कोरडं आणि स्वच्छ. वर पाहून त्याने मान हलवली.

कॅबिनमध्ये जानरावांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला, पुढचा इशारा येईपर्यंत.