ज्येष्ठा आणि ताईचे मोठे दीर

थांबा, हे आत्ताच सांगायचंय, माझ्या पोटात राहतच नाहीये!

परवा संध्याकाळी ताईला बघायला इथलीच, उज्जैनची मंडळी आली. आत उकडत होतं, म्हणून सगळे आमच्या छतावर बसले. ताई भैरवगढची छापील साडी नेसली होती, आणि मुलगा तिला आवडलाय हे मी ओळखलं होतं.

तेवढ्यात मुलाच्या आईने ताईची पत्रिका उघडली. "अगंबाई, ज्येष्ठा नक्षत्र! ही मोठ्या दिराला भारी पडणार."

मुलाचे थोरले भाऊ, म्हणजे ताईचे होणारे मोठे दीर, समोरच शेव खात होते. ताईचा चेहरा एकदम उतरला.

मला राहवलं नाही. समोर आकाशात ज्येष्ठेचा तारा, ज्येष्ठा, लालबुंद दिसत होती. "काकू, ती बघा! सूर्याहून कितीतरी वजनदार आहे, म्हणून जळणही तिने भराभर उडवलं. आता म्हातारपणी फुगलीय, वरून थंड पडलीय, म्हणून लाल दिसते. पुढेमागे तीच फुटणार आहे. ती कोणाला काय करणार?"

आईने मला चिमटा काढला. "चूप बस गं!"

पण मोठे दीर खो-खो हसत होते. "अगं आई, आपलं मध्य भारत राज्यच मोडतंय, म्हणून माझं ऑफिस भोपाळला चाललंय. आता ज्येष्ठा माझं अजून काय बिघडवणार? तू हो म्हणून टाक."

काकूंनाही हसू आलं, आणि आज सकाळी होकार आला!

तुमच्या घरी कधी एखाद्या ताऱ्यापायी लग्न अडलं होतं का? मग कोणी सोडवलं?