कालचंच पाणी

त्याला सगळे डॉक्टर म्हणत आणि हे नाव त्याला मीच ठेवलं होतं. आधी तो घड्याळं दुरुस्त करायचा. बिघडलेलं घड्याळ लोक सरळ फेकून द्यायला लागले, तेव्हा त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि घरोघरच्या माशांच्या टाक्या सांभाळायचं काम धरलं. घड्याळ काय नि मासा काय, दोन्ही काचेच्या आत असतात आणि दोन्हींना उगाच बोट लावायचं नसतं, असं त्याचं म्हणणं. अंगाने बारीक, बाह्या बारा महिने कोपराच्या वर दुमडलेल्या, नाक कायम सर्दीने चोंदलेलं. टाकीत तापमापक लावलेला असला तरी तो आधी स्वतःचा हात घालून बघायचा. मी चिडवायचो, "काय डॉक्टर, नाडी लागते का?" तो मान वर न करता म्हणायचा, "लागते. तुमच्यापेक्षा बरी आहे."

मी पाणी शुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर आहे. नदीचं पाणी आत घ्यायचं, गाळ खाली बसवायचा, पाणी गाळायचं, क्लोरीन द्यायचं आणि गावाला सोडायचं. नळ कोरडा पडल्याशिवाय आमची कोणाला आठवण येत नाही, आणि तेव्हा येते ती शिव्यांसकट. डॉक्टरला मात्र रोज यायची. क्लोरीन माणसाला जंतूंपासून वाचवतं, पण माशांचे कल्ले जाळतं. म्हणून टाकीत नवीन पाणी भरताना तो त्यात क्लोरीन मारायचं औषध घालायचा. स्फटिक आणून ते औषध तो घरीच बनवायचा आणि बादलीमागे थेंब मोजून टाकायचा. आमचा क्लोरीनचा डोस वाढला की त्याचे थेंब वाढायचे. जास्तीचा एक थेंबही त्याला खपायचा नाही.

पूर्वी तो आधी नळाचं पाणी एका नळीत घेऊन, त्यात क्लोरीन तपासायचे थेंब टाकून ते किती पिवळं होतं ते बघायचा. आमची ओळख झाली आणि त्याने ते सोडलं. रोज सकाळी दहाच्या सुमाराला माझा फोन वाजायचा, "काय पाणीवाले, आज काय पाजताय गावाला?" मी डोस सांगायचो आणि तो कामाला लागायचा. मला याचं कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू? माझ्या शब्दावर कोणी काही करतंय, असं आयुष्यात दुसरीकडे कुठे होत नव्हतं. घरात तर मी सांगितलं म्हणून कोणी पंखासुद्धा बंद करत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, त्याला मीच लावून दिलं होतं. टाकी भाऊजींची. विम्याच्या ऑफिसातून आले की बूट न काढता ते अर्धा तास तिच्यासमोर बसायचे. त्या अर्ध्या तासात ताईने काही विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. डॉक्टरचं काम बघून त्या बिल्डिंगमधल्या आणखी दोन घरांनी त्याला बोलावलं. रोज एकच घर, पण ते नीट, असा त्याचा खाक्या. ताईकडचा वार बुधवार.

त्या बुधवारी मी सकाळच्या पाळीला होतो. आदल्या रात्री मुख्य पाइपचा सांधा बदलला होता आणि नवीन पाइप निर्जंतुक व्हावा म्हणून दुपारपर्यंत क्लोरीन तिप्पट ठेवलं होतं. हे सगळं रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिलेलं होतं. रात्रीच्या ऑपरेटरला बस पकडायची होती. त्याने रजिस्टर पुढे केलं आणि मी न वाचता सही ठोकली. रोजचंच तर असतं, त्यात काय वाचायचं?

दहा वाजता फोन आला तेव्हा पंपावरचा मदतनीस आणि मी कॅरम खेळत होतो आणि राणी माझ्या कोपऱ्यात अडकली होती. रजिस्टर दोन पावलांवर होतं. मी फोन खांद्यात धरला आणि म्हणालो, "कालचंच पाणी आहे. करा बिनधास्त." राणी मी घेतली.

बारा वाजता आकडे भरायला रजिस्टर उघडलं आणि ती लाल शाई दिसली. फोन हातात घेतलासुद्धा. मग वाटलं, दोन तास होऊन गेले, आता सांगून काय उपयोग? मासे मेले असतील तर मेले, जगले असतील तर उगाच माझी अब्रू कशाला घालवू? फोन खिशात टाकला. संध्याकाळी ताईचा फोन आला. "सगळे मासे गेले रे," ती म्हणाली. मागून भाऊजींचा आवाज येत होता, "त्या डॉक्टरला म्हणावं, उद्या सकाळी हजर हो."

सकाळी मी गेलो. जायला नको होतं, पण घरी बसवेना. भाऊजींनी रजा टाकली होती. मेलेले चौदा मासे वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवले होते, कोणी ओळख पटवायला येणार असल्यासारखे. डॉक्टर आला, वर्तमानपत्राशी उकिडवा बसला आणि एकेका माशाचा कल्ला नखाने उचलून बघू लागला. मग विचारपूस सुरू केली.

"घरात झुरळांचं औषध मारलं का?"

"नाही," ताई म्हणाली.

"रंगकाम? फरशीला काही लावलं? अगदी अत्तराचा फवारा?"

"नाही हो."

"लाइट गेली होती? हवेचा पंप बंद पडला होता?"

"काहीही नाही झालं," भाऊजी म्हणाले. "तुम्ही आलात, तुम्ही गेलात, आणि हे वर येऊन तोंडं उघडायला लागले. दुसरं काहीही झालेलं नाही."

डॉक्टरने हीटर तपासला, पंप तपासला, टाकीतलं पाणी एकेका नळीत घेऊन त्यात थेंब टाकले. क्लोरीनची नळी कोरी राहिली. राहणारच. टाकीत गेलेलं क्लोरीन रात्रीत उडून जातं, काही मागे ठेवत नाही. मग त्याने स्वयंपाकघरात जाऊन नळाचं पाणी तपासलं. रोजच्याइतकंच फिकट पिवळं. आमचा डोस कालच दुपारी पूर्ववत झाला होता.

"काल पाण्याला जरा वास येत होता का रे?" ताईने मला विचारलं.

"गच्चीवरची टाकी धुतली नसेल तुमच्या बिल्डिंगने," मी म्हणालो. तोंडातून किती सहज निघालं! डॉक्टरला तर सर्दीमुळे कसलाच वास यायचा नाही, त्यामुळे तोही काही बोलला नाही.

"तसं हे सगळं क्लोरीनसारखंच दिसतंय," तो कल्ल्यांकडे बघत म्हणाला. "क्लोरीनने मासे एकदम जात नाहीत. दुपारपर्यंत कळलं असतं तरी जास्तीचं औषध टाकून निम्मे वाचवले असते मी." मग मान हलवून म्हणाला, "पण पाणी नाही. पाण्याचं मी विचारून घेतलं होतं."

आणि त्याने माझ्याकडे बघितलं. संशयाने नव्हे. साक्षीदाराकडे बघतात तसं, भरवशाने. मी मान डोलावली.

ती मान अजून दुखते मला. फोनवर बोललो तो निष्काळजीपणा होता, बाराला गप्प बसलो ती भीती होती, पण मान डोलावली ती निव्वळ हलकटपणाने. दुसरा शब्द मला सापडत नाही.

शेवटी एका नळीत हिरवट रंग आला. अमोनिया. क्लोरीनने फिल्टरमधले चांगले जिवाणू मारले की अमोनिया वाढतोच. पण पाणी निर्दोष धरल्यावर त्याला दुसरंच कारण दिसलं.

"फिल्टरचा स्पंज काल मीच धुतला," तो म्हणाला. "बहुतेक जास्त पिळला. त्यात जे जगायला हवं होतं तेच मी धुऊन टाकलं. माझ्याच हातानं गेले हे."

भाऊजींना एवढंच हवं होतं. पुढची दहा मिनिटं ते जे बोलले ते मी लिहीत नाही. घड्याळजीच्या हातात जीव दिला ही आपलीच चूक, हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. डॉक्टर खाली मान घालून ऐकत होता आणि मी मूग गिळून सोफ्याच्या टोकावर बसलो होतो. भाऊजी दमले तेव्हा तो उठला, मासे वर्तमानपत्रासकट उचलून घेऊन गेला.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरायला दोन दिवस पुरले. एकेका घराने त्याला नको म्हणून सांगितलं. पण उरलेल्या गावात त्याची आणखी तीन घरं होती, तिथे कोणी त्याला काढलं नव्हतं. तिथे त्यानेच जाणं सोडलं. मला सकाळचे फोन येईनासे झाले. दहा वाजले की मी कॅरम सोडून फोनकडे बघत बसायचो. मदतनीस म्हणायचा, "काय साहेब, कोणाची वाट बघताय?" मी त्याच्यावर खेकसायचो.

आठ महिन्यांनी एका रविवारी विजेच्या सामानाच्या दुकानात दिवे घ्यायला गेलो, तर काउंटरच्या मागे डॉक्टर. बाह्या मनगटापर्यंत सोडलेल्या, बटणं लावलेली. त्याने हसून खोका उघडला, दिवा पेटवून दाखवला. काउंटरवर मालकाने हौसेने काचेचं एक भांडं ठेवलं होतं, त्यात एकच मासा आणि पाणी गढूळ. मालक आतून ओरडला, "अहो, त्याचं पाणी बदला ना जरा, तुम्हाला येतं की!"

"मला नका सांगू," डॉक्टर म्हणाला. "माझा हात चांगला नाही."

मग मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. काउंटरवर दोन्ही हात टेकून मी सगळं सांगितलं. सही, कॅरम, बारा वाजताची लाल शाई, मान डोलावणं, सगळं. तो दिवा हातात धरून ऐकत होता. मला वाटलं, आता तो दिवा माझ्या डोक्यात बसणार, आणि बसला असता तर बरंच झालं असतं.

"म्हणजे माझ्या हातानं नाही झालं?" त्याने विचारलं.

"नाही."

"स्पंजानं नाही?"

"नाही हो. माझ्यामुळे झालं."

"नक्की? माझ्या हातानं नाही?"

मी तिसऱ्यांदा नाही म्हणालो आणि तो हसला. डोळे भरून आले होते, पण चेहरा असा उजळला की मला बघवेना. शिवी नाही, राग नाही. नुसतं म्हणाला, "अहो मग सांगायचं नाही का!" आणि मालकाला हाक मारून म्हणाला, "तासाभरात येतो." मग माझ्याकडे वळला. "चला ताईंकडे. भाऊजींना तुमच्या तोंडून ऐकू दे."

वाटेत तो माझ्यापुढे चालत होता. मला त्याला गाठताना धाप लागत होती.

ताईच्या घरी टाकीच्या जागी आता चपलांचं कपाट आलं होतं. मी आत गेलो, डॉक्टर दारातल्या पायपुसण्यावरच थांबला. भाऊजी टीव्ही बघत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं. भाऊजींनी आवाज कमी केला, माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने हसले.

"अरे, एवढंच ना? तोंड बघ किती पाडलंय! चुकतं माणसाचं. आणि शेवटी मासेच तर होते."

"मी म्हटलं काय झालं एवढं!" ताई म्हणाली. "बस तू. चहा टाकते."

माझ्या डोक्यावरचं ओझं खाली उतरलं. मीसुद्धा हसलो, हे सांगितलंच पाहिजे. मग माझं दाराकडे लक्ष गेलं. डॉक्टर हसत नव्हता.

"साहेब," तो भाऊजींना म्हणाला, "त्या दिवशी मलासुद्धा एवढंच म्हणायला काय हरकत होती?"

भाऊजींनी टीव्हीकडे तोंड वळवलं. उत्तर मला द्यायला हवं होतं. निदान त्याच्या बाजूला जाऊन उभं तरी राहायला हवं होतं. मी म्हणालो, "अहो डॉक्टर, आत या ना, चहा तरी घ्या."

दुकानात तो माझ्यावर रागावला नव्हता. आता रागावला.

"नको," तो म्हणाला. "तुम्ही घ्या. तुमचं घर आहे."

तो जिना उतरत असल्याचं ऐकू येत होतं. ताईने कप पुढे केला आणि मी तो घेतला.