डिलीट केलेली माणसं

डेटाबेस सांभाळणाऱ्यांकडे कसले आलेत किस्से, असं पुण्याचे नातेवाईक म्हणतात. नवऱ्याच्या बँकेने बदली करून आम्हाला कोलकात्यात आणलं आणि मी एका औषधं घरपोच देणाऱ्या कंपनीत लागले. आता किस्से इतके साठलेत की त्यातले काही मी घरी सांगतही नाही.

*

आमचे सीनियर देबूदा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळं सियालदह स्टेशनच्या क्लोकरूमवरून समजावलं. टोकन द्या, बॅग घ्या. बॅगेत काय आहे ते खिडकीवरच्या माणसाला ठाऊक नसतं. आमच्याकडे मोबाइल नंबर हे टोकन; नाव, पत्ता, औषधं ही बॅग.

एकदा साहेबांनी विचारलं, डमडममध्ये मधुमेहाचे पेशंट किती? देबूदा शांतपणे म्हणाले, "टोकन सांगा, बॅग देतो. डमडम हे टोकन नाही."

साहेब आठवडाभर बोलले नाहीत!

*

एक आजोबा वारले. त्यांचा नंबर मोबाइलवाल्यांनी बजबज गावच्या एका मुलीला दिला. टोकन तेच, त्यामुळे आमचा फोन तिला गेला. आजोबांनी हृदयाची गोळी घेतली का?

मुलगी जरा थांबून म्हणाली, "हो, घेतली म्हणतायत."

फोन करणारीने हेडफोन काढून ठेवला. चेष्टा असेल. असेलच.

*

आमच्याकडे डिलीट म्हणजे लगेच पुसणं नव्हे. नोंदीवर फक्त 'हे गेलं' अशी खूण बसते. तिला धंद्यातला शब्दच आहे टूमस्टोन, थडग्यावरचा दगड. पुढे सफाईत नोंद आणि खूण दोन्ही जातात. पण प्रत्येक नोंदीच्या प्रती बऱ्याच मशीनवर असतात. एखादं मशीन बंद असताना हे सगळं उरकलं, तर सुरू झाल्यावर ते आपली जुनी प्रत बाकीच्यांना वाटत सुटतं. गेलेलं परत येतं. आम्ही हसून म्हणतो, भूत आलं!

*

देबूदांची बायको, आमची बौदी, म्हणजे वहिनी, आजारपणात गेली. तिच्या औषधांचे फोन सोसवेनात म्हणून देबूदांनी स्वतःच तिची नोंद डिलीट केली. डमडमचं घर सोडून बेहालाला गेले. तिचा मोबाइल मात्र चालू ठेवला, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

बौदीच्या आजारपणातच बंद पडलेलं एक मशीन गेल्या महिन्यात कुणीतरी सुरू केलं. दुपारी चहाच्या वेळी ड्रॉवरमधला फोन वाजला. बौदीचं औषध निघालं होतं. देबूदांकडे बघून मला भडभडून आलं. म्हटलं, जुनी प्रत आहे, आत्ता काढते.

नंबर टाकला, नोंद उघडली. पत्ता बेहालाचा होता. तो आम्ही कधी कुठे भरलाच नव्हता.

माझं बोट डिलीटवर होतं. देबूदांनी बॅग उचलली.

"राहू दे," ते म्हणाले. "दार उघडायला घरी कुणीतरी हवं. मी निघतो."