पावलाची ऊब

पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली माझी लेक बाळाचे पाऊल गालाला लावून पाहते आहे. हे पाहताना घरात रूढ झालेली कथा मला पुन्हा खोडून काढावीशी वाटते.

गेल्या आठवड्यात बाळ मलूल झाले, ते मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढल्यामुळे वाचले, असे माझी बहीण सांगते. आपण वेळेवर रिक्षा आणली म्हणून वाचले, असे माझा मुलगा सांगतो. दोन्ही साफ खोटे. त्या दिवशी मी तिथेच होतो. "पहिलटकरणीला सगळंच भारी वाटतं गं," असे बहीण हसत म्हणाली, तेव्हा लेक बाळाला घेऊन उठली. "आत्या, आज हा दूध ओढत नाहीये. मी डॉक्टरांकडे निघाले."

आईपण शिकवता येते की नाही, मला ठाऊक नाही. शंका घेऊन घेऊन ते खचवता मात्र येते. कालपासून ती प्रत्येक गोष्ट आम्हाला विचारू लागली आहे.

"बाबा, याचे पाय गार लागतात का हो?"

मत देण्याची संधी मी सहसा सोडत नाही.

"तुला काय वाटतं?"

पाऊल पुन्हा गालाला टेकले. "नाही. उबदार आहेत."

"मग उबदारच आहेत."